शंभर टक्के प्लेसमेंटचा बोर्ड, पुण्याची सीट आणि ८४ पर्सेंटाइल

पत्र थोडक्यात (नाव-गाव काढून): सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावाहून एक आई लिहितात. मिस्टर एसटीत कंडक्टर, घरात दोन मुलं, मोठी मुलगी यंदा बारावी सायन्स झाली. सीईटीला ८४ पर्सेंटाइल. ओबीसी, नॉन क्रिमीलेयर आणि जात व्हॅलिडिटी दोन्ही दाखले हातात आहेत, उत्पन्न आठ लाखांच्या आत. घरापासून पंचवीस किलोमीटरवर एक प्रायव्हेट इंजिनिअरिंग कॉलेज आहे, तिथले दोन सर घरी येऊन गेले, 'शंभर टक्के प्लेसमेंट'चं माहितीपत्रक दिलं, ई अँड टीसी (इलेक्ट्रॉनिक्स-टेलिकम्युनिकेशन) सहज मिळेल, कॉम्प्युटरही कदाचित मिळेल म्हणाले. दुसरीकडे नात्यातल्या एकाच्या ओळखीचा माणूस पुण्यातल्या एका प्रायव्हेट युनिव्हर्सिटीत एआय-डेटा सायन्सची सीट 'आजच बुक करा' म्हणतोय, पंचवीस हजार टोकन. फी वर्षाला दोन लाख चाळीस हजार, हॉस्टेल-मेस एक लाख तीस हजार. भाऊजी म्हणतात 'गावाकडच्या कॉलेजातून कोण घेतंय, कर्ज काढा पण पुण्याला टाका.' आईंचा प्रश्न: "हे जवळचं कॉलेज खरंच चांगलं आहे का, की पैसे वाचवायच्या नादात मी मुलीचं नुकसान करतेय?"

ताई,

पहिलं सांगते, टोकन आज देऊ नका. उद्या पण नको. ज्या सीटसाठी वर्षाला पावणेचार लाख मोजायचेत ती सीट दोन आठवडे थांबत नसेल तर थांबत नसू दे, आणि माझा अनुभव असा की ती थांबते, ऑगस्टमध्ये हाच माणूस तुम्हाला परत फोन करेल आणि तेव्हा 'थोडं कमी करून देतो' म्हणेल.

आता तुमचा प्रश्न. तुम्ही कॉलेजचं नाव पत्रात दिलंय, ते मी इथे देत नाही, कारण या पत्रासारखी पत्रं मला अमरावतीहून येतात, नांदेडहून येतात, नाशिकच्या पलीकडून येतात आणि नाव सोडलं तर मजकूर तोच असतो. 'चांगलं आहे का' याचं उत्तर अख्ख्या कॉलेजला एकच नसतं हो. त्याच इमारतीत मेकॅनिकलचे पंधरा वर्षं टिकलेले सर असतात आणि वरच्या मजल्यावर नवीन निघालेल्या ब्रँचला दर सेमिस्टरला माणूस बदलतो. म्हणून विचारायचं असं की या ब्रँचला, एवढ्या फीत, माझ्या मुलीला इथे चार वर्षांत काय मिळेल. हे बऱ्यापैकी शोधता येतं, घरबसल्या निम्मं आणि एक दिवस प्रत्यक्ष जाऊन निम्मं.

त्याआधी भाऊजींच्या वाक्याबद्दल थोडं. १९८३ साली वसंतदादा मुख्यमंत्री असताना विनाअनुदानित कॉलेजांना परवानगी मिळाली आणि तुमच्याच पट्ट्यात साखराळ्याचं आरआयटी, कोल्हापूरचं केआयटी अशी कॉलेजं त्याच वर्षी उभी राहिली, इचलकरंजीचं डीकेटीई त्याच्या आदल्या वर्षीचं, आणि सांगलीचं वालचंद तर १९४७ पासून आहे. यांचा कॉम्प्युटरचा कटऑफ पुण्यातल्या कित्येक कॉलेजांच्या वर असतो. तेव्हा 'गावाकडचं' म्हणजे खालचं हे गणित तुमच्या जिल्ह्यात तरी बसत नाही. पण म्हणून तुमच्या पंचवीस किलोमीटरवरचं पण तसंच आहे असंही नाही, त्याच काळानंतर कारखान्याशेजारी, माळरानावर भराभर निघालेली आणि नंतर निम्म्या सीटा रिकाम्या राहून कशीबशी चाललेली कॉलेजंही याच पट्ट्यात आहेत. तुमचं कोणत्या गटात बसतं ते बघूया.

आणि ८४ पर्सेंटाइल म्हणजे ८४ टक्के नव्हे, हे पत्रातल्या सुरावरून मला सांगावंसं वाटलं. याचा अर्थ शंभरात सोळा मुलं तिच्या पुढे. २०२५ ला पीसीएम म्हणजे इंजिनिअरिंगच्या ग्रुपला चार लाखांहून जास्त मुलं बसली होती, म्हणजे तेवढ्या गर्दीत पासष्ट हजारांच्या वर मुलं पुढे. वाईट अजिबात नाही, पण वालचंदचं कॉम्प्युटर यात येणार नाही हे आत्ताच मान्य केलं की पुढचं सोपं जातं.

घरी आलेल्या सरांबद्दल राग धरू नका. मी काही वर्षं अशाच एका कॉलेजात शिकवलंय, उन्हाळ्यात आम्हाला ॲडमिशनचं टार्गेट असायचं, अमुक इतकी मुलं आणा नाहीतर पगाराचं बघू, मग आम्ही ज्युनिअर कॉलेजांच्या याद्या घेऊन गावोगाव फिरायचो आणि लोकांच्या घरी चहा पिऊन 'शंभर टक्के' म्हणायचो. ते सर खोटं बोलायला आलेले नसतात, त्यांना छापलेला कागद दिलेला असतो. त्यांनाच फोन करून एक प्रश्न विचारा, 'सर, तुमच्या विभागात तुम्ही धरून पाच वर्षांपेक्षा जुने किती जण आहेत, आणि पगार वेळेवर होतो का?' दुसऱ्या अर्ध्या प्रश्नाला जो थांबा येईल ना, तो नीट ऐका. पगार तीन-तीन महिने अडकणाऱ्या कॉलेजात चांगला शिक्षक सेमिस्टरच्या मध्यात निघून जातो आणि मुलं युट्यूब बघून परीक्षा देतात. एआयसीटीई या तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेच्या नियमाने वीस मुलांमागे एक शिक्षक लागतो, कागदावर तो सगळीकडे असतोच. तपासणीची कमिटी यायच्या आठवड्यात स्टाफरूममध्ये कधीच न पाहिलेले चेहरे दिसायचे आणि धूळ खाणारी मशीनं पुसली जायची, हे मी डोळ्यांनी बघितलंय, म्हणून मी नुसत्या कागदावर जात नाही.

तरी काही कागद कामाचे आहेत. सगळ्यात कामाचा म्हणजे एनआयआरएफचा, म्हणजे केंद्र सरकारच्या कॉलेज रँकिंगचा. बऱ्याच कॉलेजांनी तिथे भाग घेतलेला असतो, रँक आली नसली तरी भरलेली माहिती कॉलेजच्या वेबसाइटवर एका पीडीएफमध्ये ठेवावी लागते, 'एनआयआरएफ' नावाची लिंक तळाशी कुठेतरी असते. त्यात वर्षवार लिहिलेलं असतं की किती सीटा, किती मुलांनी प्रवेश घेतला, त्यातली किती चार वर्षांत पास होऊन बाहेर पडली, किती जणांना नोकरी लागली, किती पुढे शिकायला गेली आणि नोकरी लागलेल्यांचा मधला पगार किती. समजा एका वर्षी १८० जण आत गेले, वेळेत पास झाले ११०, नोकरी ६० ना आणि मधला पगार तीन लाख. हेच कॉलेज बोर्डावर शंभर टक्के लिहू शकतं, कारण त्यांनी भागायला घेतलेला आकडा असतो 'एलिजिबल आणि रजिस्टर्ड' मुलांचा, म्हणजे साठ टक्क्यांच्या वर, बॅकलॉग (राहिलेला विषय) नाही, फॉर्म भरलेला, आणि कधीकधी एकाच मुलीला दोन ऑफर आल्या तर दोन धरलेल्या. 'हायेस्ट पॅकेज' तर सोडूनच द्या, तो एका मुलाचा आकडा असतो, त्याचा फोटो चार वर्षं टिकतो. तुम्ही फक्त १८० आणि ६० बघा. आणि त्यातही मला नोकरीपेक्षा तो ११० चा आकडा जास्त बोलका वाटतो, कारण वेळेत पास न होणारी सत्तर मुलं कुठल्या घरची असतात हे मी बघितलंय.

दुसरा कागद सीईटी सेलचा. कॅप म्हणजे सरकारी केंद्रीभूत प्रवेश प्रक्रिया, तिच्या प्रत्येक राउंडची कटऑफ लिस्ट कॉलेज आणि ब्रँचप्रमाणे उपलब्ध असते. त्यात मुलींसाठी राखीव सीटांचे कोड 'एल' ने सुरू होतात, ओबीसी मुलींची ओळ वेगळी असते, शेवटचं अक्षर सीट होम युनिव्हर्सिटीची (म्हणजे आपल्या भागातल्या विद्यापीठाची) की बाहेरची हे सांगतं. मुलीला बसवून मागच्या दोन-तीन वर्षांच्या लिस्ट काढायला लावा. नुसता कटऑफ नाही, शेवटच्या राउंडनंतर त्या ब्रँचला किती सीटा रिकाम्या राहिल्या तेही बघा. साठातल्या पंधराच भरत असतील तर ती ब्रँच अजून किती वर्षं चालेल, कोण शिकवेल, लॅबला पैसा कोण घालेल हे वेगळं सांगायला नको.

माहितीपत्रकावर नॅक, एनबीए, ऑटोनॉमस असे तीन शिक्के आहेत म्हणालात. नॅक आणि एनबीए ही दर्जा तपासून दिलेली मानांकनं. नॅक अख्ख्या कॉलेजचं असतं. एनबीए मात्र ब्रँचचं असतं, सिव्हिलला मिळालेलं एनबीए ई अँड टीसीला लागू होत नाही आणि त्याला मुदत असते, तेव्हा तुमच्या ब्रँचला आहे का आणि कधीपर्यंत, एवढं बघा. ऑटोनॉमस म्हणजे सिलॅबस आणि परीक्षा कॉलेजच्याच हातात, त्याचं मला स्वतःला कौतुक थोडं कमी आहे. चांगल्या कॉलेजाच्या हातात ते गेलं की सिलॅबस खरंच ताजा होतो, ढिल्या कॉलेजाच्या हातात गेलं की पेपर आमचाच, तपासणारे आम्हीच, मग रिझल्ट अचानक नव्वद टक्के. म्हणून ऑटोनॉमस झाल्यानंतरच्या निकालावर भाळू नका.

आता पुण्याच्या सीटकडे येऊ. इथे तुमच्या पत्रात एक गोष्ट पूर्ण सुटलीय आणि तीच सगळ्यात मोठी आहे. जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस मुलींना शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क शंभर टक्के माफ आहे. तुमची मुलगी यात बसते. पण अट अशी की प्रवेश कॅपमधून पाहिजे. मॅनेजमेंट किंवा इन्स्टिट्यूट लेव्हलची, म्हणजे कॉलेज स्वतः भरतं ती सीट घेतली की माफी गेली, आणि प्रायव्हेट युनिव्हर्सिटी तर या योजनेच्या बाहेरच आहे. म्हणजे तो ओळखीचा माणूस तुमच्याकडून नुसते पंचवीस हजार घेत नाहीये, चार वर्षांची माफी पण सोडायला लावतोय, आणि हे त्याने सांगितलेलं नाही.

हिशोब मांडून बघा ना. पुण्यात वर्षाला तीन लाख सत्तर, चार वर्षांचे जवळपास पंधरा लाख, जाणं-येणं, लॅपटॉप, खर्चायला वेगळे. जवळच्या कॉलेजला शिक्षण शुल्क माफ झालं तर राहते डेव्हलपमेंट फी आणि किरकोळ फिया, बस किंवा एसटी (पासचं मी कंडक्टरच्या घरात काय सांगणार!), वर्षाला चाळीस हजार धरा. दहा लाखांचं कर्ज साडेदहा टक्क्यांनी सात वर्षांत फेडायचं म्हटलं तर हप्ता सतरा हजारांच्या घरात जातो, शिकताना साठलेलं व्याज त्यावर वेगळं. आणि सुरुवातीची मोठ्या आयटी कंपन्यांची फ्रेशरची नोकरी अजूनही साडेतीन लाखांच्या आसपास फिरतेय, हातात महिन्याला चोवीस-पंचवीस हजार. पुण्यात भाडं देऊन सतरा हजार हप्ता कसा भरणार ती? तुमच्या धाकट्याचं शिक्षण त्याच वेळी सुरू होईल हे पण धरा.

'पण पुण्यात कंपन्या येतात' हे मी रोज ऐकते. कंपन्या पुण्यात आहेत हे खरं, त्या प्रत्येक कॉलेजात येतात हे खरं नाही. आणि मोठ्या प्रमाणात भरती करणाऱ्या कंपन्या आता ऑनलाइन परीक्षा घेतात, टीसीएसची एनक्यूटी सांगलीतली मुलगी पण देते आणि पुण्यातली पण. तिथे अट काय असते तर दहावी-बारावी-डिग्रीला साठ टक्के आणि बॅकलॉगवर मर्यादा. कॉलेजचं नाव खरं महत्त्वाचं होतं ते वरच्या पगाराच्या, मोजक्याच कॉलेजांत जाणाऱ्या कंपन्यांसाठी, आणि तुम्हाला सुचवलेली युनिव्हर्सिटी त्या मोजक्यांत आहे का हे त्यांच्याकडूनही त्याच आकड्यांनी विचारा, किती आत गेले, किती वेळेत पास, किती जणांना नोकरी, मधला पगार काय. पुण्याला सूट देऊ नका. एआय-डेटा सायन्स या नावालाही देऊ नका, खूप ठिकाणी बोर्ड नवीन आणि शिकवणारे कॉम्प्युटरचेच आहेत.

पुण्याच्या बाजूने मी एक गोष्ट मात्र मनापासून बोलेन. घरापासून लांब राहिलेली मुलगी ज्या गोष्टी शिकते त्या कॉलेज शिकवत नाही, आणि जवळच्या कॉलेजची एक अडचण कुणीच सांगत नाही, ती म्हणजे बस. कॉलेजची बस पावणेपाचला सुटते. कोडिंग क्लब, प्लेसमेंटची तयारी, प्रोजेक्टची टीम, लायब्ररीत निवांत बसणं, हे सगळं पाचनंतर होतं. रोज पन्नास किलोमीटर जाऊन-येऊन करणाऱ्या मुली त्यातून आपोआप बाहेर पडतात आणि चौथ्या वर्षी सगळे म्हणतात मुली इंटरव्ह्यूला कमी पडतात. म्हणून जवळचं घ्यायचं ठरलं तरी निदान तिसऱ्या वर्षापासून तिला तिथल्याच हॉस्टेलला ठेवायचा विचार करा, पुण्याच्या चौथाई खर्चात होईल. ओबीसी मुलांसाठी राहण्या-खाण्याच्या खर्चाला मदत देणारी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना आहे, त्यासाठी समाजकल्याण किंवा इतर मागास बहुजन कल्याणच्या जिल्ह्याच्या ऑफिसात चौकशी करा, जागा मर्यादित असतात पण अर्ज करायला काय जातंय.

मधला रस्ता तर तुमच्या पत्रात आलाच नाही. जवळचं कॉलेज आणि पुण्याची युनिव्हर्सिटी यांच्यामध्ये कॅपमधली अख्खी यादी पडलीय. कराडचं गव्हर्नमेंट कॉलेज १९६० सालचं, तिथला मुलींचा कटऑफ सगळ्या ब्रँचला एकदा बघा, लागेलच म्हणत नाही. आरआयटी, केआयटी, डीकेटीईत कॉम्प्युटर सोडून बाकीच्या ब्रँच बघा. पुण्यातली कॅपमधली कॉलेजं पण बघा, तिथे फीमाफी लागू होते, मग पुण्याचा खर्च फक्त राहण्या-खाण्याचा उरतो आणि भाऊजींचंही ऐकल्यासारखं होतं! टीएफडब्ल्यूएसच्या, म्हणजे शिक्षण शुल्क माफीच्या वेगळ्या सीटा असतात, पण तुमच्या मुलीची फी तशीही माफ असल्यामुळे त्यासाठी जास्त कटऑफच्या मागे लागायची गरज नाही.

ब्रँच की कॉलेज, हा पुढचा वाद. ८४ ला माझं मत असं आहे की चांगल्या कॉलेजची ई अँड टीसी ही ढिल्या कॉलेजच्या कॉम्प्युटरपेक्षा बरी, कारण आयटीवाले बहुतेक ठिकाणी सगळ्या ब्रँचला बसू देतात आणि प्रोग्रामिंग ती बाजूने शिकू शकते, पण शिक्षकच नसलेल्या ठिकाणी चार वर्षं बसून आलेली सवय बाजूने सुटत नाही. यावर माझ्याशी भांडणारे खूप लोक आहेत, त्यांच्याही म्हणण्यात तथ्य आहे, मुलीला सर्किट बघून झोप येत असेल तर माझं मत बाजूला ठेवा.

मुलीला म्हटलं आणि लक्षात आलं, पत्र दोन पानी आहे, त्यात सर आहेत, भाऊजी आहेत, ओळखीचा माणूस आहे, मिस्टरांच्या रिटायरमेंटचं पण आहे. तिला काय आवडतं, फिजिक्स बरं गेलं की मॅथ्स, तिला घर सोडायची भीती वाटते की घर सोडायचंच आहे, यावर एक ओळ नाही. मी दोष देत नाहीये, पैशाचा प्रश्न मोठा असला की असंच होतं. पण तिला नको असलेल्या ब्रँचला घातलं तर वरचे सगळे हिशोब चुकतात.

एक दिवस काढा, कॉलेज चालू असताना, न सांगता, दुपारी दोनच्या सुमाराला तिला घेऊन जा. ऑफिसवाले जे दाखवतात ते बघून झालं की कॅन्टीनला जाऊन बसा आणि तिसऱ्या वर्षाच्या मुलींशी तिला एकटीला बोलू द्या, तुम्ही लांब बसा. लॅबमध्ये प्रॅक्टिकल होतं की नुसती फाईल कॉपी होते, मागच्या सेमला किती सर बदलले, मुलींचं टॉयलेट कसं आहे, हॉस्टेलची रेक्टर रात्री फोन उचलते का, कुणी मागच्या वर्षी नोकरीला लागलेली ताई ओळखीची आहे का. अशा ताईचा नंबर मिळाला तर तो माहितीपत्रकापेक्षा जास्त कामाचा. परत येताना कॉलेजच्या किंवा मुलांच्या बसनेच या.

फीबद्दल कॉलेज जे सांगेल ते फी नियामक प्राधिकरणाच्या मंजूर आकड्याशी ताडून बघा, कॉलेजवार तिथे मिळतो. त्याच्यावर 'बिल्डिंग', 'डोनेशन' काही मागितलं तर ते बेकायदेशीर आहे, १९८७ पासून कायदा आहे, पावती मागा म्हणजे विषय तिथेच संपतो. ओरिजिनल कागदपत्रं अडकवून ठेवायचा पण कुणाला हक्क नाही. आणि मुदतीत प्रवेश रद्द केला तर एक हजारापर्यंतच कापता येतात.

ऑप्शन फॉर्म भरताना क्रम आवडीने लावा, 'लागेल का' याने नाही, वरचं न लागल्यामुळे खालचं जात नाही. फक्त एवढं लक्षात ठेवा की पहिल्या राउंडला एक नंबरचं ऑप्शन लागलं की ते घ्यावंच लागतं, २०२५ च्या नियमांत तर दुसऱ्या राउंडला पहिल्या तीनपैकी आणि तिसऱ्याला पहिल्या सहापैकी लागलं तरी तसंच होतं, म्हणून नकोसं काही वर टाकू नका आणि चालू वर्षाची माहितीपुस्तिका वाचा, नियम दरवर्षी हलतात. फॉर्म मुलीनेच भरावा, तुमच्यासमोर बसून. लॉगिन आयडी, पासवर्ड आणि ओटीपी नेटकॅफेवाल्याला, त्या सरांना किंवा ओळखीच्या माणसाला 'आम्ही भरून देतो' म्हणाले तरी द्यायचा नाही, परस्पर ऑप्शन बदलून फॉर्म कन्फर्म केल्याच्या तक्रारी माझ्याकडे आल्यात. कन्फर्म केल्यावर प्रिंट काढा आणि त्यावरचा पहिला कोड तुम्ही ठरवलेल्या कॉलेजचाच आहे ना, हे त्याच दिवशी बघा.